जुनी क्यूएसएल कार्डं आणि रेडिओच्या कॅसेटी सांभाळायच्या कशा

ठाण्यात खाडीच्या बाजूला राहत असाल तर क्यूएसएल कार्डांचा (दूरचं स्टेशन ऐकल्याचं कळवलं की ते पोचपावती म्हणून पाठवतं ती कार्डं) आणि रेडिओवरून भरलेल्या कॅसेटींचा माळ्यावरचा तो खोका पावसाळ्यात उघडूच नका, दमट हवेत कार्डं एकमेकांना चिकटतात. दिवाळी झाली की काढा.

आधी कार्डं. लॅमिनेशन अजिबात नको. मी हौसेने रेडिओ नेदरलँडचं एक कार्ड झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलं, आता आत फुगे आलेत आणि सोलायला गेलं तर छपाईच निघते, आणि ते स्टेशन २०१२ सालीच शॉर्टवेव्हवरून गेलं, म्हणजे दुसरं मागवायची सोयच नाही. पॉलीप्रॉपिलीनचे पाऊच घ्या, साधे पीव्हीसीचे नकोत, ते शाईला चिकटतात. पाकिटावरची तिकिटं कापू नका, पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते.

मग स्कॅन, ६०० डीपीआय, दोन्ही बाजू. फाईलच्या नावात तारीख, स्टेशन, फ्रिक्वेन्सी घाला. इथे बहुतेक जण चुकतात: कार्डावर वेळ यूटीसीत (जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ) असते, आपली त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे कार्डावर १४ तारखेचे १९:३० असतील तर आपण ऐकलं १५ तारखेला रात्री एक वाजता. कधी काय ऐकलं ते लिहायच्या वहीतली नोंद त्यामुळे जुळत नाही आणि आपण उगाच दुसरं कार्ड शोधत बसतो. वहीसुद्धा पानन्‌पान स्कॅन करा, माझ्या वहीत एका ठिकाणी नुसतं 'लाईट गेली, पुढचं राहिलं' लिहिलंय, तेही ठेवलंय.

कॅसेटीवर पांढरी बुरशी दिसली तर ती प्लेयरमध्ये घालायचीच नाही, हेडला लागली की पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. चांगली असेल तर एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, मग प्लेयरच्या आउटपुटमधून वायर लॅपटॉपच्या लाइन-इनला, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड, आधी वेव्ह फाईल (आवाज न दाबता साठवते). नव्वद मिनिटांच्या कॅसेटला साधारण एक जीबी लागतो, लागू दे, एमपीथ्री नंतर काढा. आणि खरखर साफ करायचा मोह आवरा! आवाज आत-बाहेर होणं, शेजारच्या स्टेशनची घुसखोरी, हेच तर त्या रात्रीचं खरं रेकॉर्डिंग, साफ करायचंच असेल तर वेगळ्या कॉपीत करा.

लोकांना द्यायचं तर कार्डाची मागची बाजू टाकण्याआधी पत्ता झाका. आवाजाचं जरा बघून, आपल्या कायद्यात प्रसारणावरचा हक्क २५ वर्षं असतो पण त्यात वाजलेल्या गाण्यांचा हक्क वेगळा, म्हणून मी स्टेशनची ओळखधून आणि अनाउन्समेंट एवढाच तुकडा देतो.

मूळ खोका परत माळ्यावर टाकताना सिलिका जेलच्या पुड्या आत टाका आणि वर जाड मार्करने लिहा, 'रद्दीवाल्याला देऊ नये, आधी विचारणे'.