भर उन्हात लेझर लेव्हल: रेघ दिसत नाही तेव्हा जोत्याची पातळी कशी काढायची

लेझर लेव्हल म्हणजे समपातळीत उजेडाची रेघ टाकणारं यंत्र. खोलीत लख्ख दिसणारी त्याची हिरवी रेघ अंगणात आणली की पाच-सात पावलांवर गायब होते. यंत्र बिघडलेलं नसतं. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड तीन-चारशे लक्स (लक्स हे उजेडाचं माप), आणि दुपारचं थेट ऊन लाखभर लक्स. डोळ्याला इजा नको म्हणून हे लेझर मुद्दामच एक ते पाच मिलिवॅटच्या आत ठेवलेले असतात, आणि तेवढाही उजेड एका ठिपक्यात नसून रेघभर पसरलेला. हिरवा रंग लालपेक्षा तीन-चार पट उजळ वाटतो हे खरं, पण लाखभर लक्सपुढे त्याचा काय पाड? तेव्हा ‘जास्त पॉवरचं द्या’ म्हणून दुकानात पैसे ओतू नका. त्यातलेच थोडे पैसे रिसीव्हरला, म्हणजे रेघ त्याच्यावर पडली की वाजणाऱ्या छोट्या यंत्राला घाला. उन्हात रेघ डोळ्याने शोधायचीच नाही. ती रिसीव्हरने पकडायची आणि आकडा स्टाफवर, म्हणजे आकडे आखलेल्या उभ्या पट्टीवर वाचायचा. डब्यात मिळणारा रंगीत चष्मा रेघ किंचित उठून दाखवतो एवढंच. त्याने डोळ्यांचं रक्षण होत नाही, त्यामुळे तो घालून लेझरकडे पाहू नये.

रिसीव्हर घेताना तीन गोष्टी तपासा. यंत्रात पल्स मोड, म्हणजे रेघ भराभर चालू-बंद करण्याची सोय, हवी. रिसीव्हर त्याच रंगाचा हवा, कारण लाल रेघेसाठी बनवलेला रिसीव्हर हिरवी रेघ बऱ्याचदा ओळखत नाही. आणि फिरत्या लेझरचा (ज्यात एकच किरण गोल फिरतो) रिसीव्हर रेघेच्या लेझरला सहसा चालत नाही. बेळगावच्या बाजारात यंत्र घेत असाल तर दुकानाच्या सावलीत चाचणी करून भागत नाही. रिसीव्हर घेऊन रस्त्यावर उन्हात तीस मीटर लांब उभे राहा. वाजला तरच पैसे मोजा.

पल्स मोड लावला की रेघ सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. डोळ्याला ती फक्त थोडी फिकी दिसते. रिसीव्हर मात्र स्थिर उजेड, म्हणजे ऊन, बाजूला टाकतो आणि हा थरथरता उजेड तेवढा टिपतो. पल्स चालू न करता तासभर ‘वर घे, खाली घे’ करत बसणं ही साइटवरची नेहमीची गोष्ट आहे, म्हणून रिसीव्हर वाजत नसेल तर आधी ते बटण बघा.

तरीही ऊन सरळ रिसीव्हरच्या काचेवर पडलं तर आतला सेन्सर दिपतो आणि काहीच पकडत नाही, किंवा उगाच वाजतो. रिसीव्हरचं तोंड नेहमी यंत्राकडे असतं, त्यामुळे यंत्र कुठे उभं करायचं यावर सगळं ठरतं. सकाळी यंत्र कामाच्या पश्चिमेला ठेवा म्हणजे ऊन रिसीव्हरच्या पाठीवर पडेल. दुपारनंतर यंत्र पूर्वेला न्या. जागाच तशी नसेल तर रिसीव्हरवर तळहाताची नाहीतर पुठ्ठ्याची सावली धरा. पांढरी गाडी, नवा पत्रा, खिडकीची काच यांवरून परावर्तित झालेली रेघही रिसीव्हर खरी मानतो. दोन वेगळ्या उंचीवर वाजत असेल तर आसपास काय चकाकतंय ते पाहा.

आता यंत्राची मांडणी. तिपाईचे पाय पक्के रोवा. खानापूरकडच्या लाल मातीत, जांभ्यावर हे सोपं जातं. निपाणी, चिकोडी, बैलहोंगलच्या काळ्या मातीत पाय ओलीत रुततात आणि उन्हाळ्यात भेगेच्या काठावर सरकतात, म्हणून तिथे प्रत्येक पायाखाली फळीचा तुकडा किंवा फरशी द्या. गाडीच्या डिकीत तापलेलं यंत्र बाहेर काढून लगेच वापरू नये. दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवा, मग तिपाईवर चढवा. बहुतेक यंत्रांची मर्यादा चाळीस ते पन्नास अंश असते. अथणी-रायबागकडच्या मे महिन्यात काळी बॉडी उन्हात धरली तर ती सहज ओलांडते, म्हणून वर छत्री बांधा. रेघ जमिनीपासून दोन-अडीच फुटांच्या वर ठेवा, कारण तापलेल्या जमिनीलगत हवा उकळल्यासारखी हलते आणि रेघ नाचते. पण माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवरही नको.

सगळ्यात घातक चूक कुलपाची. यंत्राच्या आत लंबक असतो. वाहतुकीत तो आपटू नये म्हणून त्याला कुलूप असतं. कुलूप लावलेलं राहिलं तर यंत्र स्वतः समपातळी साधत नाही. घरात रेघ लुकलुकते, लगेच कळतं. उन्हात रेघच दिसत नाही, मग लुकलुकणं कोण बघणार? काही यंत्रांत कुलूप असतानाही पल्स चालतो आणि रिसीव्हर आनंदाने वाकडी रेघ दाखवत राहतो. काम सुरू करण्याआधी कुलूप हाताने उघडा आणि यंत्राला हाताची सावली करून दिवा तपासा. तिपाई साधारण चार अंशांच्या आत सरळ असावी लागते, त्यापलीकडे लंबक टेकतो.

यंत्र बरोबर आहे का, हे महिन्यातून एकदा आणि पडलं-आपटलं तर त्याच दिवशी तपासा. वीस मीटरवर दोन खुंट्या ठोका. यंत्र बरोबर मध्ये ठेवून त्याचं तेच तोंड आधी पहिलीकडे, मग दुसरीकडे फिरवा. समजा वाचन आलं १३२० आणि १२४५ मिमी. फरक ७५. अंतर सारखं असल्याने यंत्राची चूक दोन्हीकडे सारखीच पडते, म्हणून हा फरक खरा. आता यंत्र पहिल्या खुंटीपासून एक मीटरवर आणा. तिथे १४०२ आलं तर दुसरीवर १३२७ यायला हवं. १३३९ आलं तर १८ मीटरच्या जादा अंतरात १२ मिमीची चूक आहे, यंत्र दुरुस्तीला द्या. दहा मीटरला तीन मिमी, म्हणजे साधारण एक सूत, एवढा फरक स्वस्तातल्या यंत्राकडून धरूनच चालायचा. याच कारणासाठी यंत्र शक्यतो चारही कोपऱ्यांच्या मधोमध उभं करावं.

प्रत्यक्ष पातळी काढणं सोपं आहे. जोतं रस्त्याच्या मधल्या उंचवट्यापासून ६०० मिमी वर हवंय. रस्त्यावर स्टाफ धरून १४८० वाचन आलं, तर जोत्याच्या माथ्यावर ते ८८० यायला हवं. रिसीव्हर ८८० वर क्लॅम्पने घट्ट करा. आकडा रिसीव्हरच्या मधल्या खाचेवर धरा, वरच्या काठावर नव्हे. मग प्रत्येक कोपऱ्यात स्टाफ वर-खाली करा. सलग आवाज आला की स्टाफच्या तळाशी खुंटीवर खूण करा. स्टाफ कलला तर वाचन नेहमी वाढतं. पाच अंशांचा कल दीड मीटरवर जवळपास सहा मिमी खातो. खूण करताना ओळंब्याने किंवा स्टाफच्या बुडबुड्याने तो उभा आहे ना बघा, आणि नुसतं वाचन घ्यायचं तर पुढे-मागे झुलवून सगळ्यात लहान आकडा धरा. रस्ता पुन्हा डांबरला जाऊन वर येतो, त्यामुळे ६०० मध्ये कंजूषी नको. खानापूरच्या पावसात तर नकोच.

अंगणाचा ढाळ शंभरात एक ठेवायचा तर १२ मीटरला १२० मिमी. जमीन खाली जाते तसं वाचन वाढतं: जोत्याच्या बाजूला १३०० असेल तर गटाराकडे १४२०. घाईत हा हिशेब उलटा होतो आणि पाणी घरात येतं.

वाऱ्याचं विसरू नका. जूनपासून जांबोटीकडच्या मोकळ्या माळावर लंबक थरथरतो आणि रिसीव्हर क्षणात वर, क्षणात खाली दाखवतो. तिपाईच्या मध्ये वाळूची पिशवी टांगा, पाय आखूड करा, वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करा. रिसीव्हर धरणारा पन्नास मीटरवर असेल तर कन्नडमध्ये ‘म्याल’ ओरडा की मराठीत ‘वर’ ओरडा, काही पोचत नाही. हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्या.

पन्नास मीटरच्या पुढे रेघेच्या लेझरचा हट्ट धरू नये. तिथे दुर्बीण, म्हणजे ऑटो लेव्हल, किंवा फिरतं लेझर लावावं. रिसीव्हर नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी आहेच, पण तीही उन्हात बिनचूक नसते. एक टोक सावलीत आणि दुसरं टोक उन्हात तापलेलं असेल तर गरम पाणी हलकं होऊन पाच-सहा मिमी चढतं. दोन्ही टोकं सारखीच सावलीत धरा आणि बुडबुडे काढा. नाहीतर मे महिन्यात सातच्या सुमारास सूर्य गेला की लगेच रेघ दिसू लागते. त्या अर्ध्या तासात दहा मीटरच्या आतल्या खुणा सहज होतात.

यंत्र हलवण्याआधी आणि दिवसाच्या शेवटी पहिल्या खुणेवर पुन्हा वाचन घ्या. ती खूण ओल्या विटांवर नव्हे, जुन्या दगडी जोत्यावर किंवा कंपाउंडच्या काँक्रीट खांबावर असावी. तीन मिमीपेक्षा जास्त फरक आला तर मागच्या तपासणीनंतरच्या सगळ्या खुंट्या पुन्हा करा. मग कुलूप लावा आणि त्यानंतरच यंत्र गाडीत ठेवा.