तिसरं इंजेक्शन देण्याआधी: औषधाला न जुमानणारी म्हशीची दगडी

सडात ट्यूब सोडून झाल्या, मग इंजेक्शन बदललं, आठवडाभर दूध बरं आलं आणि पुन्हा त्याच सडातून गाठी. अशी म्हैस गोठ्यात असली की पुढची पायरी ठरलेली असते: आणखी भारी औषध. ती चढण्याआधी त्या सडाचं दूध प्रयोगशाळेत पाठवा. दगडी (कासेचा दाह) हटत नाही याचा अर्थ दर वेळी जंतू औषधाला सरावले असाच नसतो. औषध वजनाच्या मानाने कमी पडलेलं असतं, जंतू कासेतल्या कडक गाठींत दडलेले असतात, म्हैस बरी होऊन पुन्हा नव्याने बाधलेली असते, किंवा मुळात जंतूच नसतो, बुरशी असते. चारही ठिकाणी उपाय वेगळा आहे आणि नुसतं सड बघून यातलं काहीच कळत नाही.

एक अपवाद आधीच सांगून ठेवतो. ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर, म्हैस चारा-ढेप सोडून बसलेली, सडातून पिवळं पाणी किंवा रक्त, किंवा कास गार पडून निळसर दिसतेय, अशा वेळी रिपोर्टची वाट पाहायची नाही. लगेच डॉक्टर बोलवा. सरकारी फिरत्या पथकासाठी १९६२ हा नंबर आहे. पण पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी दोन मिनिटं काढून नमुना तेवढा घ्या. उपचार सुरू राहतो, आणि तीन दिवसांनी रिपोर्ट आला की औषध बरोबर आहे की बदलायचं हे डॉक्टरांना कळतं.

कोणता सड, हे आधी नक्की करा

डोळ्यांना दिसते ती दगडी थोडी, न दिसणारी जास्त. त्यासाठी चार खणांचं सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, म्हणजे दगडी ओळखण्याची परीक्षा) पॅडल आणि त्याचं द्रावण मिळतं. ते नसेल तर अर्धा लिटर स्वच्छ पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा, म्हणजे ३ टक्क्यांचं द्रावण झालं. प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा सोडून द्या, मग ४-५ मिली दूध वेगळ्या वाटीत घ्या, तेवढंच द्रावण घाला आणि १०-१५ सेकंद गोल फिरवा. दूध पातळ राहिलं तर सड ठीक. चिकट होऊन वाटीच्या तळाशी सरकायला लागलं किंवा मधोमध जेलीसारखा गोळा झाला, तर त्या सडात दाह आहे. व्यायल्यावर पहिला आठवडा आणि आटायच्या बेतात असताना चांगलं दूधही घट्ट होतं, तेव्हाच्या निकालावर भिस्त ठेवू नका.

धार संपल्यावर, कास मोकळी असताना, दोन्ही हातांनी चाचपून बघा. आत लिंबाएवढ्या टणक गाठी लागल्या तर ती जुनी दगडी. तिथे रक्तपुरवठा कमी, म्हणून औषधही पोचत नाही. नव्या म्हशीचे पैसे धुळ्याच्या बाजारात मोजण्याआधी हे चाचपणं आणि पावडरीची परीक्षा दोन्ही करायला हरकत नाही. विकणारा नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

नमुना घेणं: सगळा खेळ इथे आहे

घाणेरड्या नमुन्यात शेणातले तीन-चार जंतू एकदम वाढतात आणि रिपोर्ट कुठल्याच कामाचा राहत नाही. मेडिकलमधून लघवी तपासणीची सीलबंद निर्जंतुक डबी आणा. घरी उकळलेली लोणच्याची बाटली चालत नाही.

पारडू सोडून पान्हा घालू द्या, मग त्याला बाजूला बांधा आणि चारही सड धुऊन कोरड्या कपड्याने पुसा. थेंब ठिबकत असेल तर नमुना घेऊ नका. कासेवरून ओघळणारं पाणी सडाच्या टोकाशी येतं आणि थेट डबीत पडतं. हात साबणाने धुवा. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात. आता ७० टक्के स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस घेऊन सडाचं टोक, म्हणजे भोकाचीच जागा, चोळून पुसा. कापूस स्वच्छ निघेपर्यंत नवा-नवा घ्या. एकापेक्षा जास्त सडांचे नमुने असतील तर आधी पलीकडचे सड पुसा, मग अलीकडचे. दूध मात्र आधी अलीकडच्या सडांचं घ्या. उलट केलं तर पुसलेल्या सडाला मनगट लागतं. स्पिरिट वाळू द्या, नाहीतर तेच दुधातले जंतू मारतं.

झाकण उलटं करून खाली ठेवायचं नाही, करंगळीत धरायचं. डबी आडवी तिरपी धरा, म्हणजे वरून केस-धूळ पडत नाही, आणि ५ ते १० मिली दूध घ्या. सड डबीच्या काठाला टेकला की नमुना फेका आणि दुसऱ्या डबीत घ्या. डबीवर म्हशीची ओळख, तारीख आणि सड लिहा: डावा पुढचा, उजवा मागचा. डावं-उजवं म्हशीच्या मागे उभं राहून धरायचं. सोबतच्या चिठ्ठीवर आधी कोणती औषधं, किती दिवस दिली आणि शेवटचा डोस कधी झाला तेही हवं. औषध चालू असताना घेतलेल्या नमुन्यात जंतू उगवतच नाहीत. म्हशीची तब्येत ठीक असेल तर शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे थांबून नमुना घ्या.

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात हा नमुना दोन तासांत नासतो. थर्मासमध्ये बर्फ टाकून त्यात डबी ठेवा आणि २४ तासांच्या आत पोचवा. शनिवारी पाठवू नका, कारण जंतू वाढवायला एक दिवस आणि औषधं तपासायला आणखी एक दिवस तरी लागतो. तालुक्याच्या दवाखान्यात विचारून जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात सोय आहे का ते बघा. पुण्याला औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे.

रिपोर्ट आल्यावर

रिपोर्टवर औषधांची यादी आणि पुढे एस, आय, आर अशी अक्षरं असतात. एस म्हणजे जंतू त्या औषधाने मरतो, आर म्हणजे मरत नाही, आय मधलं. एस दिसला की तेच औषध, असं मात्र नाही. प्रयोगशाळेच्या बशीतलं औषध थेट जंतूच्या अंगावर असतं. कासेत ते रक्तातून दुधात उतरावं लागतं. जेंटामायसिन मानेत टोचलं तर दुधात फारसं उतरत नाही, टायलोसिन चांगलं उतरतं. म्हणून निवड डॉक्टरांची, आणि रिपोर्ट त्यांच्या हातात पाहिजे.

पेनिसिलिनला आर आणि क्लोक्सासिलिनला एस असेल तर जंतू पेनिसिलिन तोडणारं रसायन बनवतो, एवढाच अर्थ. मार्ग अजून मोकळा आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूपुढे सेफॉक्सिटिन किंवा ऑक्सासिलिनला आर दिसला तर पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि म्हशींना सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रियाक्झोन ही सगळी फळीच त्या म्हशीसाठी बाद. असा जंतू माणसाच्या त्वचेवर आणि नाकातही राहतो, तेव्हा धार काढणाऱ्याने त्या म्हशीनंतर हात साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला लावू नयेत. बुरशी किंवा प्रोटोथिका नावाचं शेवाळ निघालं तर अँटिबायोटिक त्याच दिवशी बंद करा. हे बहुतेक वेळा आपणच आत घातलेलं असतं: सलाइनच्या नळीचा तुकडा सडात घालून दूध काढणं, एकाच सिरिंजने चार सड भरणं, माणसाचं इंजेक्शन पाण्यात कालवून सडात सोडणं.

‘जंतू आढळले नाहीत’ असं आलं तर पैसे वाया गेले म्हणून चिडू नका. ई. कोलायसारखा जंतू पुष्कळदा म्हशीने स्वतःच संपवलेला असतो. ऑरियस मात्र दुधात रोज उतरत नाही, म्हणून गाठी येतच असतील तर आठवड्याने पुन्हा नमुना द्या.

औषध पुरेसं आणि नीट

वजनाचा अंदाज डोळ्यांनी केला की मोठ्या म्हशीला डोस कमी पडतो. टेपने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर ८० आणि लांबी ५८ असेल तर साधारण ५६० किलो. हा आकडा डॉक्टरांना सांगा.

ट्यूब सोडताना सड पूर्ण मोकळा करा, टोक स्पिरिटने पुसा आणि नळीचं टोक तीन-चार मिलिमीटरच आत घाला. पूर्ण खुपसलं तर भोकाच्या आतलं संरक्षक अस्तर खरवडतं आणि बाहेरची घाण आत जाते. एक ट्यूब एकाच सडाला. गाठी दुसऱ्या दिवशी थांबल्या तरी सांगितलेले दिवस पुरे करा. अर्ध्यात सोडलेल्या औषधातून तग धरलेले जंतूच पुढे वाढतात. सूज-तापासाठी डायक्लोफिनॅक, किटोप्रोफेन किंवा ॲसिक्लोफिनॅक कुणी देत असेल तर घेऊ नका, औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात म्हणून पहिल्यावर २००६ पासून आणि बाकी दोन्हींवर २०२३ पासून जनावरांसाठी बंदी आहे. मेलॉक्सिकॅम चालतं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिकही जनावरांसाठी २०१९ पासून बंद आहे.

कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम वाटून केलेला लाल लेप राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ सुचवतं: कास धुऊन दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. सुरुवातीच्या, ताप नसलेल्या दगडीत हा लावून बघायला चांगला. म्हैस आजारी असेल तर याच्या भरवशावर दिवस घालवू नका.

जुन्या ऑरियसला खरी संधी म्हैस आटवताना मिळते. आटवण्याच्या वेळच्या खास ट्यूब कासेत आठवडे टिकतात, रोज धुऊन जात नाहीत. विण्याआधी ६० दिवस आटवा आणि ट्यूब तेव्हा सोडा.

बाकीच्या म्हशी वाचवायच्या तर

धारेचा क्रम बदला: पहिलारू आणि निरोगी आधी, बाधित सगळ्यात शेवटी. अंगठा दुमडून धार काढणं बंद, पूर्ण मुठीने काढा. अंगठ्याने सडाची आतली कातडी चेपून चेपून सोलते. बोटांना दूध लावून सड ओले करण्याची सवयही मोडा. धार झाली की प्रत्येक सड ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन ८५ मिली आणि ग्लिसरीन १५ मिली या मिश्रणात बुडवा. कपात उरलेलं मिश्रण बाटलीत परत ओतू नका. भोक मिटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ पुढ्यात दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा टाकून म्हैस उभी ठेवा. धारेनंतर लगेच नाल्यात किंवा डबक्यात सोडणं हे केलेल्या सगळ्यावर पाणी आहे.

बाधित सडाचं दूध जमिनीवर पिळू नका, पारडाला पाजू नका. औषधाचे अंश आणि सरावलेले जंतू दोन्ही त्याच्या पोटात जातात. वेगळ्या भांड्यात काढून फिनाइल टाकून गोठ्यापासून लांब खड्ड्यात ओता. डेअरीला दूध कधी घालायचं ते औषधाच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, ते दिवस शेवटच्या डोसपासून मोजा आणि एका सडाला औषध असलं तरी चारही सडांचं दूध थांबवा. उकळल्याने बहुतेक औषधांचे अंश जात नाहीत. त्या दुधाचं विरजण रात्रभर ठेवूनही लागलं नाही, तर औषध अजून उतरतंय असं समजा.

उपचारानंतर दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार आठवड्यांनी वाटीची परीक्षा करा, एक नमुनाही पाठवा. दोन पूर्ण उपचार रिपोर्टनुसार होऊनही तोच जंतू निघत असेल तर तो सड डॉक्टरांकडून कायमचा आटवून घ्या. तीन सडांवर म्हैस बऱ्यापैकी दूध देते. दोन सड गेले असतील आणि कासेत गाठी असतील तर पुढचं वेत धरण्यात अर्थ नाही. ती काढताना घेणाऱ्याला कासेबद्दल सांगून द्या, नाहीतर तोच जंतू शेजारच्या गोठ्यातून परत येतो.