गाळा असो, दुकान असो की झेडपीची शाळा: सोलर बसवण्याआधी वीजबिल वाचा

सोलर बसवणारी एजन्सी आली की आधी टेप काढून गच्ची मोजते. तुम्ही आधी महावितरणचं बिल काढा. गच्चीवर किती मावतं यापेक्षा बिलात किती जिरतं, त्यावर प्रकल्पाचं माप ठरतं.

बिलावर सगळ्यात आधी नाव बघा. मीटर अजून आजोबांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असेल, तर अर्ज तिथेच अडकतो. आधी नावबदल करा आणि थकबाकी भरून टाका. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात असाल तर मालकाचं ना हरकत पत्र लागेल. भाडेकरार किती वर्षं उरलाय तेही बघा, कारण पॅनल पंचवीस वर्षं चालतात आणि करार बहुधा तितका नसतो.

मग दर संकेत, म्हणजे मीटर घरगुती आहे की व्यापारी. ‘शेठ, सबसिडी मिळवून देतो’ असं कोणी व्यापारी मीटरवाल्याला म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (३ किलोवॅट आणि त्यापुढे ७८,००० रुपये) घरगुती मीटरसाठी आहे. सोसायटीच्या सामाईक मीटरला किलोवॅटमागे १८,००० मिळतात. दुकान, गाळा, हॉटेल, क्लास यांना त्यातलं काही नाही. धंद्याला फायदा होतो तो करात. सोलरवर ४० टक्के घसारा मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच. म्हणजे ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस उलटले की त्या वर्षीचा अर्धा घसारा हुकला. आयकरात उलाढालीवर अंदाजे नफा दाखवणाऱ्याला मात्र घसारा वेगळा मिळत नाही, आणि जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्याला जीएसटीचं क्रेडिटही नाही. सीएला हे दोन प्रश्न कोटेशनवर सही करण्याआधी विचारा.

आता माप. नाशिकला १ किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतो, पावसाळ्यात निम्म्यावर येतो. अंबडच्या एखाद्या गाळ्याचा बारा महिन्यांचा सरासरी वापर महिन्याला ९०० युनिट असेल, तर ९०० भागिले १२० (दिवसाला ४, तीस दिवस), म्हणजे साडेसात किलोवॅट. ५५० वॅटचे १४ पॅनल लावले की ७.७ किलोवॅट होतात, जागा साधारण ८०० चौरस फूट लागते. यापेक्षा मोठा प्रकल्प घेऊ नका. एप्रिल-मेमधली शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात, पावसाळ्यात तीच कामाला येतात. पण ३१ मार्चला उरलेली युनिटं महावितरण विकत घेते ती वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने, आणि तो दर तुमच्या बिलाच्या दरापेक्षा बराच कमी असतो. स्थिर आकार तर सोलर असो वा नसो, भरावाच लागतो.

प्रकल्प बिलावरच्या मंजूर भारापेक्षा मोठा चालत नाही. वरच्या गाळ्याचा भार ५ किलोवॅट असेल तर तो वाढवावा लागेल. विद्युत (ग्राहक हक्क) नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा आणि त्यापुरती भारवाढ वितरण कंपनीनेच करायची, असा नियम आहे. कार्यालयात कोणी वेगळं सांगितलं तर हा नियम अर्जातच लिहून द्या. त्याहून मोठ्यांनी २० किलोवॅटची रेघ सांभाळावी. १८ चा भार २२ केला की स्थिर आकाराची पद्धत बदलते. तासांप्रमाणे वेगळे दर लागतात का, तेही बघा. तसा दर असलेल्याची निर्मिती आधी त्याच तासगटातल्या वापरातून वजा होते. ज्याचा धंदा संध्याकाळनंतर रंगतो, त्याचं गणित इथे बिघडतं.

गच्चीकडे आता या. पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश. टाकीची सावली डिसेंबरात सर्वात लांब पडते, म्हणून जागा मे महिन्यात बघून ठरवू नका. एका पॅनलवर पडलेली सावली पूर्ण ओळीला मागे खेचते. जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यावर पाय ठेवण्याआधी फळ्या टाका. वजन पत्र्यावर नको, खालच्या कैचीवर आलं पाहिजे. आयएस ८७५ या बांधकामावरच्या भाराच्या भारतीय मानकानुसार नाशिकचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर आहे. स्ट्रक्चरच्या कागदावर हा आकडा दिसला पाहिजे. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड हवा आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे.

थंडीकडे बहुतेक एजन्सींचं लक्ष नसतं. निफाडकडे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, आणि गारठ्यात पॅनलचा व्होल्टेज वाढतो. ५५० वॅटच्या पॅनलचा खुला व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेला) २५ अंशांना सुमारे ५० असतो. दर अंशाला तो पाव टक्क्याहून थोडा जास्त चढतो. २० पॅनल एकाच ओळीत जोडले तर २५ अंशांनाच १००० व्होल्ट होतात, आणि निफाडला जानेवारीत सकाळी ऊन पडताच ओळ १०५० व्होल्टपर्यंत जाते. इन्व्हर्टर १००० व्होल्टचा असेल तर तो बंद पडेल नाहीतर जळेल, आणि वॉरंटीवालाही हात वर करेल. अशा ठिकाणी ओळीत १८ च्या वर जाऊ नका, किंवा ११०० व्होल्टचा इन्व्हर्टर घ्या.

अर्थिंग तीन, वेगवेगळी: एसी, डीसी आणि आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक. पॅनलच्या वायरी जोडणारे एमसी-४ कनेक्टर दोन्ही बाजूंचे एकाच कंपनीचे असू द्या. वेगवेगळे जोडले की सांधा तापतो आणि आग तिथूनच लागू शकते. पॅनल एएलएमएम यादीतले (सरकारमान्य मॉडेल आणि उत्पादकांची यादी) आहेत ना, ते अनुक्रमांकासह बिलावर लिहून घ्या. आणि हे आधीच समजून घ्या की बॅटरीशिवायचं सोलर वीज गेली की बंद होतं. लाइनमनच्या जिवासाठी ते तसंच बनवलेलं असतं.

नेट मीटर, म्हणजे आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारं मीटर, बसेपर्यंत स्विच चालू करू नका. ‘चालू करून ठेवतो, कोण बघतंय’ म्हणणारे भेटतील. पण साधं इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून मोजू शकतं, आणि बिल कमी व्हायच्या ऐवजी फुगतं. नेट मीटर लागताच आयात, निर्यात आणि निर्मिती या तिन्ही रीडिंगचे तारखेसह फोटो काढा. पहिलं बिल सरासरीचं आलं तर भांडायला तेच हाताशी असतात.

सरकारी इमारतींचं गणित वेगळं आहे. साध्या नेट मीटरिंगमध्ये ग्रामपंचायतीच्या गच्चीवरची वीज ज्या मीटरला जोडली त्याच मीटरला वजा होते. पाणीपुरवठ्याच्या पंपाचं बिल तसंच राहतं, आणि ठराव करताना नेमकं हेच विसरलं जातं. पैसे नसतील तर रेस्को: गुंतवणूक कंपनीची, आपण ठरलेल्या दराने युनिट घ्यायचे, करार बहुधा २५ वर्षांचा. करारात तीन ओळी शोधा: दर दरवर्षी वाढतो का, मेच्या सुटीत न वापरलेल्या विजेचे पैसे द्यावे लागतात का, आणि इमारत पाडली तर पॅनल हलवण्याचा खर्च कुणाचा. स्लॅब गळत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, नंतर पॅनलखाली हात जात नाही. शाळा निर्लेखनाच्या, म्हणजे पाडायच्या इमारतींच्या यादीत असेल तर तो प्रस्ताव सोडाच.

धुण्यासाठी दर पंधरा दिवसांनी पहाटेची वेळ धरा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी असेल तर वायपरने लगेच निपटून काढा, नाहीतर पांढरे डाग बसतात आणि घासूनही जात नाहीत. मार्चमध्ये निरभ्र दिवशी त्या ७.७ किलोवॅटला ३५ च्या आसपास युनिट दिसायला हवेत. २८ दिसले तर एजन्सीला फोन करण्याआधी शिडी लावून वर जा.