शुक्रवार पेठ दाखवायची तर नदीकडून वर या

कोल्हापूरला पाहुणे आले की अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस आणि तांबडा-पांढरा, एवढ्यात दोन दिवस सरतात. शुक्रवार पेठेत सहसा कुणी फिरकत नाही. मी या पेठेत सून म्हणून आले त्याला आता एकतीस वर्षं झाली. शाळेतली मुलं, माहेरची माणसं, लेकीच्या मैत्रिणी, सगळ्यांना मी ही पेठ चालत दाखवली आहे. तुम्हालाही कुणाला दाखवायची असेल तर कशी दाखवावी, ते सांगते.

दिवाळीनंतरचे दिवस धरा. पावसाळ्यात घाटावरची देवळंच पाण्यात असतात, मग दाखवणार काय? सकाळी साडेसहाला पंचगंगा घाटावर जमायचं. दहा-बारापेक्षा जास्त माणसं घेऊ नका, बोळ अरुंद आहेत आणि मागच्यांना ऐकू जात नाही. सुरुवात नदीपासूनच करायची. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी आणि गुप्त सरस्वती, या पाचांचा प्रयाग चिखलीला संगम होऊन ही नदी शहराशी येते, हे पाण्याकडे बोट करून सांगा. मग दहा मिनिटं गप्प बसा. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे याच पायऱ्यांवर पणत्या लागतात. त्या दिवशी येता आलं तर फारच छान, पण गर्दीत माहिती सांगणं जमत नाही.

तिथून ब्रह्मपुरीवर चढायचं. दाखवायला सगळ्यात अवघड जागा हीच, कारण वर बघण्यासारखं काही नाही. घरं, दोऱ्यांवर वाळणारे कपडे, एक सार्वजनिक नळ. मी मुद्दाम त्या नळापाशीच थांबते. 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी या टेकडीवर उत्खनन केलं. वरच्या थरात बहामनी काळाच्या खुणा मिळाल्या, खाली सातवाहन काळातली विटांची घरं. आणि याच टेकडीत रोमन बनावटीच्या काशाच्या वस्तू सापडल्या, त्यांत समुद्रदेव पोसायडनची एक छोटी मूर्ती. घाट उतरला की कोकणातली बंदरं, तिथून जहाजं, आणि त्या व्यापाराचं एक टोक या टेकडीवर! हे सांगताना मला अजूनही भरून येतं. पण मूर्ती कशी दिसते ते इथं सांगू नका, फोनवर फोटोही दाखवू नका. राखून ठेवा.

उतरून पेठेत शिरलात की पुराची गोष्ट काढा. सरकारी आकडा राजाराम बंधाऱ्यावरचा: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. पेठेतली माणसं मात्र पाणी ठिकाणांनी मोजतात. जामदार क्लबाशी आलं, गायकवाड वाड्यापाशी आलं, की कुठल्या घरानं काय उचलायचं हे ठरलेलं असतं. आमच्या सोप्यात दाराच्या चौकटीवर खिळ्यानं ओढलेल्या दोन रेघा आहेत, 2019 आणि 2021. माणसांना रेघेला पाठ लावून उभं करा. उंच माणसाच्याही डोक्यावरून रेघ गेली की कुणी बोलत नाही. शेजारच्या आत्ती उंबऱ्यात बसलेल्या असतात. त्यांना विचारलं की त्या कोनाड्याकडे हात करतात, "हितवर. देव बी बुडालं बघा. पर चुलीची राख आधी काढून घेतली हुती म्या, भांडी घासाया." असं कुणी बोलायला लागलं की तुम्ही मध्ये बोलू नका. आणि कुणाच्या घरात शिरायचं असेल तर आदल्या दिवशी जाऊन विचारून या. एकदा न विचारता मी वीस मुलं एका वाड्याच्या चौकात नेली. आत आजारी माणूस होतं. घरच्या वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मी विसरलेली नाही.

शंकराचार्य मठ बाहेरून दाखवला तरी चालतो. जैन मठात मात्र आत जाऊन आदिनाथांची 28 फुटी मूर्ती बघाच. चामड्याचे पट्टे, पाकिटं आधीच पिशवीत ठेवायला सांगा.

एव्हाना भूक लागलेली असते. गंगावेशीत या. वेस राहिली नाही, नाव राहिलं. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून पेला हातात देतात. वर बोटभर फेस, पेला कोमट. शहरातल्या मुलांना दूध गरम न करता असं ऊन कसं, हेच कळत नाही. त्यांना म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बघू द्या. पोट नाजूक असणाऱ्यांनी मात्र कच्चं दूध घेऊ नये, चहा प्यावा. जवळच गंगावेश तालीम आहे. पैलवानांचा सराव चालू असेल तर वस्तादांना विचारून दारातूनच लाल माती बघायची. तेल, ताक, लिंबू, हळद घालून मळलेल्या त्या मातीचा वास दारापर्यंत येतो.

पापाची तिकटी ओलांडून शेवटी टाऊन हॉल. तिथल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या वस्तू आहेत. सोमवारी ते बंद असतं, म्हणून हा फेरा रविवारी ठेवा आणि दार उघडेपर्यंत बागेत झाडाखाली बसा. आत गेल्यावर बाकीच्या कपाटांपाशी रेंगाळू नका, सरळ पोसायडनपुढे उभे राहा. हातातला त्रिशूळ आता नाही, पण उभं राहण्याची ऐट तशीच आहे. मी तिथं काही सांगत नाही. मुलांना एवढंच विचारते, हा कुठं सापडला असेल?

"त्या नळापाशी, बाई!"