मनोमिनच्या तळ्यासाठी हरकत कशी नोंदवायची

मी मूळची भंडाऱ्याची. आमच्याकडे तलावाच्या कडेला आपसूक उगवणाऱ्या भाताला देवधान म्हणतात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डुलुथला राहायला आले, तेव्हा इथल्या तळ्यांतलं मनोमिन, म्हणजे इथला जंगली भात, पाहून पाय तिथेच थबकले. जात वेगळी, पण पाण्यातून वर आलेल्या लोंब्या तशाच. इथले मूळनिवासी ओजिब्वे लोक होडीतून दोन हलक्या लाकडी दांड्यांनी त्या वाकवून झोडतात. काही दाणे होडीत पडतात, काही पाण्यात. पाण्यात पडलेलं तेच पुढचं बी.

या भातासाठी इथे 1973 पासून नियम आहे: जंगली भाताच्या पाण्यात सल्फेट लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर नको. सल्फेट मुळात विषारी नाही. तळाच्या गाळात प्राणवायू नसतो, तिथले जिवाणू त्याचं सल्फाइड करतात आणि ते मुळांना मारतं. लोहखनिजाच्या खाणींचं आणि शहरांच्या सांडपाण्याचं पाणी हे त्याचे मोठे स्रोत. 2017 मध्ये राज्याने प्रत्येक पाण्याला गाळातल्या लोह-कार्बनवरून वेगळा आकडा ठरवायचं सुचवलं. 2018 मध्ये प्रशासकीय न्यायाधीशांनी ते नामंजूर केलं. 10 चा आकडा टिकला, पण तो लागू करून घ्यायला सांडपाण्याच्या परवान्याच्या मसुद्यावर आपणच हरकत लिहावी लागते.

आधी तळ्यात भात आहे हे दाखवा, कारण त्यावरच सगळं अडतं. जूनमध्ये जा. तेव्हा पानं हिरव्या फितींसारखी पाण्यावर आडवी पसरलेली असतात, वारा आला की सगळी एका दिशेला वळतात. (याच दिवसांत पाणी एकदम चढलं तर रोपं उपटून निघतात, म्हणून बंधाऱ्यावरही लक्ष ठेवा.) फोटोवर तारीख आणि जागा हवी. ऑगस्टच्या शेवटी लोंब्यांचा फोटो घ्या. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची यादी पाहा. जवळच्या ओजिब्वे बँडच्या (स्वतःचं शासन असलेल्या त्यांच्या समुदायाच्या) संसाधन विभागाला मात्र त्याच्याही आधी विचारा. ही तळी पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी पाहिली आहेत आणि अमेरिकी सरकारशी झालेल्या करारांनी राखलेले हक्कही त्यांचे आहेत. व्हाइट अर्थ बँडने तर 2018 मध्ये मनोमिनलाच जगण्याचा हक्क देणारा कायदा केला.

पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. अहवालात आकडा 'सल्फेट' म्हणून आहे की 'सल्फर' म्हणून, हे नीट वाचा. सल्फर असेल तर तिपटीने गुणा. 4 वाचून निर्धास्त व्हाल आणि खरा आकडा 12 असेल.

सांडपाण्याच्या परवान्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांना साधारण 30 दिवस मिळतात. नागरिकत्वाची अट नाही, व्हिसावर असलात तरी लिहा. माझं पहिलं पत्र दोन पानांचं होतं, सगळं मनापासून लिहिलेलं, आणि त्यातून मसुद्यातला एक शब्दही हलला नाही. नंतर कळलं, पत्रात तीन गोष्टी लागतात: तुमचा संबंध काय, मसुद्यातल्या कुठल्या कलमात नेमकं काय बदलायचं, आणि का. 'तळं वाचवा' असं लिहू नका. 'अमुक कलमात सल्फेटची मर्यादा घाला, पाणी इथून या तळ्यात जातं, तिथे भात आहे, फोटो जोडला आहे' असं लिहा. सुनावणी हवी असेल तर त्याच मुदतीत मागा.

दर दोन वर्षांनी राज्य प्रदूषित पाण्यांची यादी करतं, त्यावरही हेच पुरावे पाठवा. 2021 मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने सल्फेट जास्त असलेली जंगली भाताची 30 हून अधिक तळी-नद्या या यादीत घातली. राज्याने ती यादीतून वगळली होती, बँड मात्र मागे लागले होते.

पत्राची पोच मागून घ्या आणि जूनच्या फोटोंसोबत एकाच फाइलमध्ये ठेवा. परवान्याला मुदत असते, नूतनीकरणाच्या वेळी ते सगळं पुन्हा लागेल.