देणगीच्या आवाहनपत्रात फोटो कसे वापरावेत

बऱ्याच संस्थांमध्ये आवाहनपत्राचा मजकूर आठवडाभर घोटला जातो आणि छापायला जायच्या दिवशी "एखादा फोटो टाका" म्हणून जागा भरली जाते. हा क्रम उलटा करा. आधी तुमची मागणी एका वाक्यात लिहा: कोणासाठी, कशासाठी, किती. मग त्या वाक्याला साजेसा फोटो शोधा आणि पत्र त्यानंतर लिहायला घ्या.

एकच चेहरा निवडा

तेहिला कोगुट आणि इलाना रिटोव्ह या संशोधकांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांपुढे आठ आजारी मुलांसाठी मदतीचं आवाहन ठेवलं, तर काहींपुढे एकाच मुलासाठी. उपचाराचा एकूण खर्च दोन्हीकडे तेवढाच सांगितला होता. नाव आणि फोटोसह समोर आलेल्या एकट्या मुलासाठी लोकांनी जास्त पैसे दिले. 2007 मध्ये स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक या संशोधकांना असंही दिसलं की, एका मुलीच्या कहाणीशेजारी उपासमारीची आकडेवारी जोडली की देणगी घटते.

म्हणून ग्रुप फोटो, उद्घाटनाची फीत, चेक स्वीकारणारे पदाधिकारी हे सगळं वार्षिक अहवालात जाऊ द्या. पत्रात एक माणूस हवा, शक्यतो कॅमेऱ्याकडे बघणारा. फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. वरून काढला की समोरचा उगीच केविलवाणा दिसतो.

हसरा चेहरा घ्यावा की उदास, यावर संस्थांमध्ये नेहमी वाद होतो. 2009 च्या एका अभ्यासात उदास चेहऱ्याला जास्त सहानुभूती आणि देणगी मिळाली होती, हे खरं आहे. पण उदास असणं वेगळं आणि उघडं-वाघडं, रडवलेलं, हतबल करून दाखवणं वेगळं. माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारी चित्रं वापरू नयेत, अशी आचारसंहिता युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांनी 1989 मध्येच स्वीकारली. गरज दिसू दे, लाचारी नको. छापलेलं पत्र फोटोतल्या व्यक्तीला दाखवायला तुम्हाला संकोच वाटणार असेल, तर तो फोटो बाजूला ठेवा.

संमती

फोटो कुठे, किती लोकांपर्यंत जाणार हे फोटोतल्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत सांगा आणि "नाही म्हणालात तरी मदत थांबणार नाही" हे स्पष्ट शब्दांत सांगा. मदत घेणाऱ्याला नकार देणं फार जड जातं, त्यामुळे हे वाक्य गाळू नका. मुलांच्या बाबतीत पालकांना विचाराच, आणि मुलालाही विचारा. संमती तारखेसह लिहून ठेवा. नाव बदललं असेल, तर पत्रात तसं नमूद करा. गणवेशावरचा बिल्ला, मागची शाळेची पाटी कापून टाका. विकतचा फोटो "आमची लाभार्थी" म्हणून छापणं ही तर देणगीदाराची सरळ फसवणूक आहे.

फोटोखालची ओळ

मजकूर न वाचणारेसुद्धा फोटोखालची ओळ वाचतात, आणि तिथेच "आमच्या उपक्रमातील एक विद्यार्थिनी" असं काहीतरी लिहून जागा वाया घालवली जाते. पुस्तक वाचणाऱ्या, चष्मा लावलेल्या मुलीचा फोटो आहे असं समजा. त्याखाली लिहा: "गेल्या महिन्यापर्यंत फळ्यावरचं उतरवून घ्यायला ती शेजारणीच्या वहीत बघायची. आता पाठीमागच्या बाकावरून वाचते. तुमच्या देणगीतून अशाच एका मुलीला चष्मा मिळेल." फोटोत जे दिसत नाही ते या ओळीने सांगायचं, आणि मागणीही तिथेच करायची.

मांडणी आणि छपाई

फोटो पहिल्या पानावर, मागणीच्या जवळ ठेवा. व्यक्ती बाजूला बघत असेल, तर तिची नजर मजकुराकडे वळलेली असू द्या. फोटोवर अक्षरं छापू नका. देणगीच्या फॉर्मवर तोच चेहरा छोटा करून पुन्हा घ्या. पाकिटावर मात्र आजार किंवा अत्याचाराशी जोडलेला चेहरा नको, कारण पाकीट वाटेत अनेकांच्या हातांतून जातं.

छपाईला 300 डीपीआय (दर इंचात 300 ठिपके) लागतं, म्हणजे 10 सेंटिमीटर रुंद फोटोसाठी साधारण 1200 पिक्सेल. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो. तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. साध्या, चकाकी नसलेल्या कागदावर शाई पसरते आणि सावळे चेहरे काळवंडतात, म्हणून प्रूफ (तपासणीची प्रत) त्याच कागदावर काढून घ्या. ईमेलमध्ये काहींना चित्र दिसतच नाही, तेव्हा मागणी चित्रात न लिहिता मजकुरात लिहा.

दोन फोटोंमध्ये मन अडलं, तर पत्र पाठवायच्या लोकांच्या यादीचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करा. पत्र तेच ठेवून फक्त फोटो बदला आणि फॉर्मवर वेगवेगळा कोड छापा. किती जणांनी दिलं आणि एकूण किती आलं, हे दोन्ही मोजा. यादी लहान असेल, तर थोड्याशा फरकावर विसंबू नका. देणगी आल्यावर आभारपत्रात त्याच व्यक्तीचा आताचा फोटो पाठवा. त्यासाठी तिची संमती नव्याने घ्या.