घरात कोणी जोरात घोरत असेल तर काय करायचं, स्लीप ॲप्नियाबद्दल

आमच्या ह्यांचं घोरणं अख्ख्या वाड्याला माहीत होतं, इंदूरला रामबागेत राहायचो तेव्हा वरच्या काकू सकाळी विचारायच्या काल गाडी किती वाजता सुटली हो म्हणून, आणि आम्ही पण हसायचो, किती गाढ झोपतो बघा माणूस. झोप गाढ वगैरे काही नव्हती. घोरता घोरता एकदम सगळं शांत व्हायचं, पंधरा-वीस सेकंद काहीच नाही, मग असा गचका देऊन श्वास यायचा की मीच उठून बसायचे. त्यांना सकाळी यातलं काही आठवायचं नाही, आणि खरी गोची हीच आहे, ज्याला हा झोपेत श्वास थांबण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, आहे त्याला तो दिसतच नाही, शेजारी जागं असलेल्या माणसालाच दिसतो. म्हणून हे मी पेशंटसाठी कमी आणि शेजारी झोपणाऱ्यांसाठी जास्त लिहितेय.

पहिलं काम, मोबाईलवर व्हिडिओ काढा. भांडण करून काही होत नाही, "मी घोरतच नाही" हेच उत्तर मिळणार. पहाटेच्या वेळी काढलात तर जास्त बरं कारण त्या वेळी स्वप्नांची झोप जास्त असते, घशाचे स्नायू अगदी ढिले पडतात आणि बऱ्याच जणांचा त्रास तेव्हाच वाढतो. उताणं झोपलेलं असताना काढा. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात, तेव्हा मोजा.

मग शिलाईची टेप घेऊन गळा मोजा. डॉक्टर लोकांची एक आठ प्रश्नांची यादी असते, स्टॉप-बँग म्हणतात तिला. बंद दारातून ऐकू येईल इतकं घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबताना कोणी बघणं, बीपी, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 35 च्या वर, वय 50 च्या वर, गळा 40 सेंटीमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. तीन हो आले की दाखवून घ्या, पाच आले तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका. ह्यांचे सहा आले. पण बारीक माणसाला होत नाही असं समजू नका हं, जबडा लहान किंवा मागे असेल तरी होतं, आणि बायकांमध्ये पाळी गेल्यावर वाढतं, त्यात घोरणं कमी आणि थकवा, झोप न लागणं, सकाळचं डोकं दुखणं जास्त, त्यामुळे सगळे म्हणतात टेन्शन घेते.

आता शरीराचं काय होतं ते, कारण आम्ही दोन वर्षं यातच भटकलो. बीपीच्या तीन गोळ्या चालू, तरी दीडशेच्या खाली येईना. एका डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलं, सराफ्याच्या खाऊगल्लीतलं रात्री बाराचं गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस बंद झाला, सकाळच्या पोह्यांवरची शेव पण गेली, बीपी तिथेच. रात्री चार-चार वेळा बाथरूम, म्हणून प्रोस्टेटची सोनोग्राफी, शुगरची तपासणी. कोणी झोपेचं विचारलंच नाही. होतं असं की घसा बंद झाला तरी छाती श्वास ओढतच राहते, आत निर्वात तयार होतो आणि हृदयाचे कप्पे ताणले जातात, हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालं, ते एक हार्मोन सोडतं आणि किडनी लघवी बनवायला लागते. म्हणजे दोष बाथरूमचा नाही, घशाचा. आणि प्रत्येक वेळी ऑक्सिजन खाली गेला की मेंदू घाबरतो, अंगात ॲड्रेनलीन सुटतं, बीपी चढतं, माणूस क्षणभर जागा होतो, परत झोपतो, परत तेच. हे रात्रभर चाललं तर गोळी बिचारी काय करणार! ठोके अनियमित होणं, लकवा, शुगर हाताबाहेर जाणं, या सगळ्याचा धोका यातूनच वाढतो. विजयनगरच्या सिग्नलवर हे स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपले होते, मागचे भिया लोक हॉर्न वाजवून थकले, त्या दिवशी मात्र मी घाबरले. टेस्ट होईपर्यंत गाडी मीच चालवली, तुम्ही पण तसंच करा.

दाखवायचं छातीच्या डॉक्टरांना म्हणजे पल्मोनोलॉजिस्टला, किंवा नाक-कान-घशाच्या. मग स्लीप स्टडी, ती लॅबमध्ये होते, काहींची घरी पण, बोटाला, नाकाला, छातीला सेन्सर लावतात. रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा बघा, तासाला किती वेळा श्वास अडला तो. 5 च्या खाली नॉर्मल, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम, वर गेला की गंभीर. ह्यांचा 42. सात तासांच्या झोपेत जवळजवळ तीनशे वेळा! कोरोनातला ऑक्सिमीटर घरात पडला असेल तर मध्येच उठून लावून बघितलेलं चालत नाही, उठवलं की आकडा सुधारतो.

सीपॅप मशीन लागली तर पहिले पंधरा दिवस वैतागाचे. हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो, एवढंच तिचं काम, 1981 पासून आहे ही युक्ती. मास्क आधी दिवसा टीव्ही बघताना घालून सवय करा, रॅम्प नावाचं बटण असतं त्याने दाब हळूहळू वाढतो, नाक कोरडं पडलं तर ह्युमिडिफायर लावा पण त्यात नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर. मास्कची गादी रोज साबणाच्या पाण्याने धुवा, तेलकट झाली की हवा गळते आणि फुस्सफुस्स आवाजाने पुन्हा तुमचीच झोप जाते. बीपीची गोळी लगेच स्वतःहून बंद करू नका, मशीनने बीपी बहुतेकांचं थोडंच उतरतं. बाथरूमच्या फेऱ्या मात्र ह्यांच्या आठवड्याभरात रात्रीच्या एकावर आल्या.

मशीन येईपर्यंत बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा बॉल, म्हणजे उताणं झोपता येत नाही, सौम्य त्रास असणाऱ्यांना याचा बराच उपयोग होतो. रात्रीची दारू बंद, झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, दोन्हीने घसा अजून ढिला पडतो. वजन दहा टक्के उतरलं तरी आकड्यात फरक पडतो. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं की भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी सांगा आणि मशीन सोबत न्या, आमच्या ह्यांनी हर्नियाच्या वेळी फॉर्मवर ते लिहिलंच नव्हतं, मी दारातून ओरडून सांगितलं.